गेमचे होन स्वतःच्या वेबसाइटवर विकायचे असतील तर आधी वही मांडा

दिवाळी पाडव्याच्या रात्री साडेअकराला आमच्या सपोर्टच्या व्हॉट्सॲपवर सोलापूरच्या एका मुलाचा मेसेज आला. ‘ताई, १४९ कट झाले. होन आले नाहीत. पप्पांचा फोन आहे, ते विचारतील.’ खाली यूपीआयचा स्क्रीनशॉट, त्यात हिरवी खूण. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे आमच्या वतीने गोळा करणारी कंपनी, तिच्या डॅशबोर्डवर पैसे जमा दिसत होते, पण गेममध्ये त्या मुलाच्या खात्यात काहीच नव्हतं. सकाळपर्यंत अशा आणखी बावीस तक्रारी आल्या.

आमचा कर्वेनगरला चौघांचा स्टुडिओ आहे. गेम गड बांधण्याचा. तटबंदी, बुरूज, पाण्याची टाकी बांधायला जे नाणं लागतं त्याला आम्ही होन म्हणतो. मी प्रोग्रामर नाही. नऊ वर्षं इचलकरंजीच्या एका पतसंस्थेत रोजकीर्द लिहिली. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय तिथून कुणी घरी जात नसे. आता इथे पैशांचं सगळं माझ्याकडे आहे, म्हणून हे सगळं हिशेबनिसाच्या बाजूने लिहिते आहे.

प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअरच्या बाहेर, स्वतःच्या वेबसाइटवर गेमचे पॅक विकण्याला या धंद्यात वेबशॉप म्हणतात. सुपरसेलसारख्या मोठ्या कंपन्यांची अशी दुकानं आहेत, आणि आता छोट्यांनाही ते जमतं. पैसे घेणारं पान दोन दिवसांत उभं राहतं. आम्हाला अडीच महिने लागले ते दुसऱ्याच कामाला. घेतलेल्या प्रत्येक पैशाची वस्तू पोचलीच पाहिजे आणि एकदाच पोचली पाहिजे, हे जमवायला.

परवडतं का, ते आधी बघा

स्टोअरची तीस टक्के कपात सगळ्यांच्या तोंडी असते, पण छोट्या स्टुडिओचे सहसा तितके जात नाहीत. ॲपलने जानेवारी २०२१ पासून आणि गूगल प्लेने जुलै २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर पंधरा टक्क्यांचा दर ठेवला आहे. दोन्हीकडे त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. नोंदवलं नसेल तर वेबशॉपचा विचार बाजूला ठेवा आणि आज तेवढं एक काम करा.

आता आमचा १४९ रुपयांचा पॅक घ्या. यात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. तो बाजूला काढला की १२६ रुपये २७ पैसे उरतात. पंधरा टक्के गेले की हातात १०७ रुपये ३३ पैसे. वेबसाइटवर गेटवेचे दोन टक्के, म्हणजे २ रुपये ९८ पैसे गेले की १२३ रुपये २९ पैसे. गेटवेच्या शुल्कावरचा जीएसटी आपल्याला परत वळता करून घेता येतो, म्हणून तो धरलेला नाही. फरक पडतो एका पॅकमागे सोळा रुपयांचा.

महिन्याला हजार पॅक वेबसाइटवरून गेले तर सोळा हजार रुपये वाचतात. त्यात रात्री तक्रारींना उत्तर देणाऱ्या एका माणसाचा अर्धवेळ पगार निघतो, फार काही उरत नाही. महिन्याला दोनशे पॅक विकणाऱ्याने केवळ कपात वाचवण्यासाठी यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही पडलो त्याचं कारण वेगळं होतं. प्ले स्टोअरचे पैसे पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आसपास येतात, गेटवेचे दोन-तीन दिवसांत. चौघांच्या पगाराची तारीख एक आहे, त्यामुळे हा पंधरवडा आमच्यासाठी मोठा होता.

यूपीआयवर एमडीआर, म्हणजे पेमेंटमागे व्यापाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क, १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. तरीही गेटवे स्वतःचं प्लॅटफॉर्म शुल्क लावू शकतो. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, कुणाकडेही जा, पण यूपीआय, कार्ड, वॉलेट आणि परदेशी कार्ड या चारही प्रकारांचे दर वेगवेगळे आणि लेखी मागा. ‘दोन टक्क्यांपासून पुढे’ या शब्दांवर समाधान मानू नका.

मधला एक मार्ग आहे, तोही तपासा. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्लेच्या बिलिंग धोरणावरून गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. ती रक्कम पुढे अपिलात बरीच कमी झाली. या सगळ्या काळात भारतात ॲपच्या आतच गूगलच्या बिलिंगशेजारी दुसरं बिलिंग ठेवायची सोय मिळाली. त्यात गूगल आपली कपात चार टक्क्यांनी कमी करतं. म्हणजे पंधराचे अकरा, वर आपल्या गेटवेचे दोन, एकूण तेरा. सगळी मेहनत तीच आणि वाचतात दोन टक्के. आम्ही तो नाद सोडला.

नियम कुठे अडवतात

ॲपलच्या नियमावलीतलं ३.१.३ (ब) हे कलम वेबशॉपचा पाया आहे. वेबसाइटवर घेतलेल्या वस्तू, अगदी वापरून संपणारी नाणीसुद्धा, गेममध्ये वापरू देता येतात. अट एकच, त्याच वस्तू ॲपच्या आतही विकायला हव्यात. त्यामुळे ‘फक्त वेबसाइटवर मिळणारा बुरूज’ आम्ही ठेवला नाही. तोच पॅक, तीच किंमत, वेबसाइटवर दहा टक्के होन जास्त, असं ठेवलं. जास्तीच्या होनांना आपल्याला खर्च येत नाही आणि खेळाडूला खरा फायदा होतो.

ॲपच्या आत ‘इथे स्वस्त मिळेल’ असं बटण टाकायला भारतात मोकळीक नाही. अमेरिकेत चित्र बदललं. एपिक या गेम कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या फोर्टनाइट गेममध्ये स्वतःचं पेमेंट घातलं, ॲपलने गेम काढून टाकला, आणि त्या खटल्यात ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी बाहेरच्या लिंकवरून झालेल्या खरेदीवर ॲपलने कपात घेऊ नये असा आदेश दिला. अपिलात वाद पुढेही चालू राहिला. म्हणून अमेरिकेतल्या आवृत्तीत लिंक टाकणार असाल तर ज्या आठवड्यात टाकाल त्याच आठवड्यात दोन्ही स्टोअरचं धोरण वाचा. मागच्या महिन्यात वाचलेलं धरून चालू नका.

ॲपच्या बाहेर मात्र खेळाडूंना सांगायला मनाई नाही. व्हॉट्सॲप चॅनल, यूट्यूबच्या व्हिडिओखालचं वर्णन, ईमेल, किल्ले स्पर्धेच्या फलकावरचा क्यूआर कोड, हे सगळं चालतं. आमच्या वेबशॉपची बहुतेक विक्री चॅनलवरून येते. दिवाळीत मुलं अंगणात किल्ले करतात तेव्हा सर्वात जास्त.

गेटवेच्या दारात

‘गेम’ हा शब्द दिसला की गेटवेचे लोक सावध होतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तर शिक्षा आहेच, पण त्याचे पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

आमचा अर्ज पहिल्यांदा परत आला. वेबसाइटच्या बॅनरवर आम्हीच लिहिलं होतं, ‘मोहीम जिंका, होन मिळवा’. तपासणाऱ्याला होन म्हणजे पैसे वाटले. बॅनर काढला आणि अटींच्या पानावर पहिलंच वाक्य टाकलं: ‘होन ही गेममधली नाणी आहेत. त्यांचे रुपये करता येत नाहीत, ती दुसऱ्याला विकता किंवा पाठवता येत नाहीत.’ सोबत गेम कसा चालतो याची दोन मिनिटांची चित्रफीत दिली. नऊ दिवसांत मंजुरी आली. तुमच्या गेममध्ये नाणी खेळाडूंमध्ये हस्तांतरित होत असतील तर अर्ज करण्याआधी वकिलाला दाखवा. ते पैसे वाया जात नाहीत.

अर्जाआधी वेबसाइटवर किंमती, अटी, गोपनीयता, रिफंड आणि संपर्काचं पान असायलाच हवं. शिपिंगचंही पान मागतात, डिजिटल वस्तू असली तरी. ‘वस्तू गेमच्या खात्यात जमा होते, साधारण एका मिनिटात, तासाभरात न आल्यास या क्रमांकावर कळवा’ एवढं पुरतं.

जीएसटीची एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांकडून सुटते. ऑनलाइन सेवा नोंदणी नसलेल्या ग्राहकाला विकली तरी बिलावर त्याच्या राज्याचं नाव हवं, रक्कम कितीही लहान असो. डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. म्हणून पैसे भरण्याआधी राज्य निवडायची एक यादी ठेवा. बेळगावचा खेळाडू कर्नाटक निवडतो, त्याच्या बिलाला आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी, लागतो. ही यादी नसेल तर मार्चमध्ये कुणाचं बिल कुठल्या राज्याचं हे शोधत बसावं लागतं.

परदेशातल्या खेळाडूंसाठी वेगळं दार

आमचे खेळाडू न्यू जर्सीत आहेत, दुबईत आहेत, लंडनजवळ स्लाउमध्ये आहेत. आईबाप मुलांना गडांची नावं शिकवायला गेम देतात. त्यांना विकायचं तर अमेरिकेत राज्याराज्याचा विक्रीकर, ब्रिटन आणि युरोपात व्हॅट. चौघांच्या स्टुडिओने हे स्वतः करू नये.

यासाठी एक्सोला, ॲपचार्ज, स्टॅश अशा कंपन्या आहेत. कागदावर विक्रेता त्या होतात. खेळाडूच्या बिलावर त्यांचं नाव येतं, तिथला कर त्या भरतात, कार्डाचे वाद, म्हणजे ग्राहकाने बँकेमार्फत पैसे परत मागणं, त्या हाताळतात, आणि कपात करून उरलेली रक्कम आपल्याला पाठवतात. कपात साध्या गेटवेपेक्षा जास्त असते आणि ती देणं रास्त आहे. करारात चार गोष्टी बघा: कार्डाचा वाद हरल्यास शुल्क कुणाच्या माथी, पैसे किती दिवसांनी, डॉलरचे रुपये कुठल्या दराने, आणि सोडून जायचं झालं तर खेळाडूंची खरेदीची यादी आपल्याला मिळते का. शेवटचं विचारायला लोक विसरतात.

हे पैसे आपल्यासाठी सेवेची निर्यात ठरतात. एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र, भरलं असेल तर त्यावर जीएसटी भरावा लागत नाही, पण एलयूटी दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं असतं. मी एक एप्रिलच्या पानावर लाल शाईने लिहून ठेवते. बँकेकडून प्रत्येक जमेचा परकीय चलनाचा दाखला मागून घ्या.

आता खरं काम: होन पोचवणं

सोलापूरच्या मुलाचं काय झालं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पैसे भरून झाले की यूपीआय ॲप खेळाडूला आमच्या ‘धन्यवाद’ पानावर परत आणायचं, आणि ते पान उघडलं की होन जमा व्हायचे. ऑफिसातल्या फोनवर हे शंभर वेळा चाललं. त्या मुलाचा फोन दोन जीबी रॅमचा. यूपीआय ॲप उघडल्यावर फोनने मागचा ब्राउझर बंद करून टाकला. पैसे आले, पान उघडलंच नाही, होन गेले नाहीत.

पतसंस्थेत खातेदार म्हणाला ‘मी भरले’ म्हणून आम्ही नोंद करत नव्हतो, कॅशियरचा शिक्का बघत होतो. इथला शिक्का म्हणजे वेबहूक. पैसे खरंच आले की गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट निरोप पाठवतो. खेळाडूचा फोन बंद पडो, रेंज जावो, हा निरोप येतो. होन फक्त या निरोपावर द्यायचे. ‘धन्यवाद’ पानाने फक्त ‘तपासत आहोत’ एवढं दाखवायचं.

आम्ही ते बदललं आणि दोन आठवड्यांनी उलटी चूक झाली. आमच्या सर्व्हरला उत्तर द्यायला उशीर झाला, गेटवेने निरोप पुन्हा पाठवला आणि एकेचाळीस जणांना होन दोनदा गेले. निरोप दोनदा येणं हा बिघाड नाही, गेटवे असेच बांधलेले असतात. कधी ते उलट्या क्रमानेही येतात, कधी ‘फसलं’ म्हटलेलं पेमेंट नंतर यशस्वी होतं. ते होन आम्ही परत घेतले नाहीत. चूक आमची होती, आणि मुलांनी तोवर बुरूज बांधले होते.

आता आमची पद्धत अशी आहे. खेळाडू गेममधला आपला क्रमांक टाकतो. लगेच आम्ही त्याच्या गडाचं नाव, चित्र आणि पातळी दाखवून ‘हाच का तुमचा गड?’ विचारतो, कारण एक आकडा चुकला तर होन भलत्याच गडावर जातात. मग आमचा सर्व्हर ऑर्डर तयार करतो. किंमत सर्व्हरने ठरवायची, ब्राउझरकडून आलेली रक्कम कधीच धरायची नाही, नाहीतर कुणीतरी १४९ चा एक रुपया करून पाठवतो. आमचा गेटवे रक्कम पैशांत घेतो, म्हणून १४९ रुपये म्हणजे १४९००. इथे दोन शून्यं विसरणं सगळ्यात सोपं आहे.

निरोप आला की आधी त्याची सही तपासायची. गेटवेने दिलेल्या गुप्त किल्लीने निरोपाचा एचमॅक, म्हणजे पडताळणीची खूण, काढून तो जुळतो का ते बघायचं, आणि तेही निरोप जसा आला तसाच धरून. आधी उलगडून पुन्हा बांधला तर सही जुळत नाही. यावर आमचे दोन दिवस गेले. मग रक्कम, चलन आणि ऑर्डर क्रमांक जुळवायचा. त्यानंतर एकाच व्यवहारात, म्हणजे डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, ऑर्डरवर ‘होन दिले’ लिहायचं आणि होन जमा करायचे. एक झालं आणि दुसरं राहिलं असं होताच कामा नये. पेमेंट क्रमांकाच्या रकान्यावर असा निर्बंध ठेवायचा की तोच क्रमांक दुसऱ्यांदा लिहायला गेलं तर डेटाबेसच नाकारेल. एका पावतीची नोंद एकदाच.

एवढ्यावर थांबू नका. दर पंधरा मिनिटांनी एक काम चालवा: ज्या ऑर्डर अर्ध्यावर अडकल्या आहेत त्यांच्याबद्दल गेटवेला स्वतःहून विचारायचं. निरोप हरवला तरी त्यामुळे होन पोचतात. आणि रोज रात्री ताळमेळ. आमच्या ऑर्डरची बेरीज, गेटवेचा सेटलमेंट अहवाल (त्याने आमच्या बँकेत पाठवलेल्या पैशांचा हिशेब) आणि गेममध्ये दिलेले होन, हे तीन रकाने शेजारीशेजारी. बँकेचं स्टेटमेंट दुसऱ्या दिवशी. एक रुपयाचा फरक असला तरी मी शोधते, कारण आज एक पॅक चुकला असेल तर त्याच कारणाने सणाच्या दिवशी तीस चुकतील.

कधी खेळाडूच्या बँकेतून पैसे जातात आणि आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यापाऱ्याला केलेल्या यूपीआय पेमेंटची खात्री आली नाही तर पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई. हे तीन ओळींत, साध्या मराठीत लिहून सपोर्टच्या फोनमध्ये ठेवा. ‘बँकेला विचारा’ म्हणून सोडून देऊ नका. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, मागा आणि पाच दिवसांनी तुम्हीच त्यांना मेसेज करा.

मुलांचे पैसे

आमचे निम्म्याहून जास्त खेळाडू मोठ्यांच्या फोनवर खेळतात. अठराच्या आतल्या मुलाने केलेला करार १८७२ च्या करार कायद्यापुढे टिकत नाही, आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही अठराखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. पण कायदा नसता तरी आम्ही हेच केलं असतं. एका खात्यातून दिवसाला ५०० रुपयांच्या वर खरेदी होत नाही. पालकाने सात दिवसांत ‘मुलाने न विचारता घेतलं’ असं कळवलं तर पूर्ण पैसे परत, होन खर्च झाले असले तरी. गडाला हात लावत नाही. खात्यात होन उणे दाखवून मुलाला तळमळत ठेवणारी पद्धत मी पाहिली आहे, ती आमच्याकडे येऊ दिली नाही.

वारंवार रिफंड मागणारे मोठे लोक असतात, त्यांच्यासाठी वेगळा नियम. दुसऱ्या वेळी फोन करून बोलायचं, तिसऱ्या वेळी वेबशॉप त्या खात्याला बंद. गेम चालू राहतो.

उघडण्याआधी

गेटवेच्या चाचणी खात्यावर आणि मग खऱ्या एक रुपयावर हे सगळं स्वतःच्या हाताने करा. पैसे भरताना ब्राउझर मारून टाका. यूपीआय पिन टाकून लगेच विमान मोड लावा. तोच निरोप तीनदा पाठवा. खोट्या सहीचा निरोप पाठवा. ब्राउझरमध्ये किंमत बदला. होन खर्च करून मग रिफंड द्या. गेमचा सर्व्हर बंद ठेवून पैसे भरा आणि तासाने सर्व्हर चालू करा. हे करायला घरातला सगळ्यात जुना फोन घ्या. आम्ही शेजारच्या काकूंचा घेतला होता.

हे सगळं बसवून दुकान पुन्हा उघडलं तेव्हा सुरुवातीला आम्ही एकच पॅक ठेवला, १४९ चा, आणि दुकान सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एवढंच उघडं ठेवलं, कारण त्या वेळात चौघंही जागेवर असायचो. चॅनलवर फक्त शंभर जणांना लिंक दिली. सोलापूरच्या मुलाला पहिल्या दहांत. पहिल्या रात्री तीन रकान्यांत दोन पॅकचा फरक निघाला, दुसऱ्या रात्री एकाचा. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रात्री तिन्ही रकाने जुळले. सहाव्या दिवशी बाकीचे पॅक मांडले आणि वेळेची अट काढली.